माग थांबविण्याचा हक्क

दरवर्षी फेब्रुवारीच्या १२ तारखेला आपल्या देशात 'उत्पादकता दिन' साजरा होतो. १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली, तिची ही आठवण. त्या आठवड्यात कारखान्यांच्या फाटकांवर फलक लागतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, एखादा पाहुणा येऊन काटकसरीचे महत्त्व सांगून जातो. आठवडा संपला की फलक उतरतात. कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा या सोहळ्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. यंत्रांचे इंजिनियर पाहतील, हिशेबाचे वाणिज्य शाखेची मंडळी पाहतील. आपण आपला इतिहास, अर्थशास्त्र आणि साहित्य वाचावे, हे बरे!

मला ही वाटणी मान्य नाही. नासाडी कमी कशी करावी हा प्रश्न काही अंशी यंत्रशास्त्राचा आहे, हे खरे. परंतु नासाडी कशाला म्हणावे, ती कोणी मोजावी आणि तिचा भुर्दंड कोणी सोसावा, हे प्रश्न कोणत्याही यंत्राच्या पुस्तकात सुटत नाहीत. ते माणसामाणसांतील व्यवहाराचे प्रश्न आहेत. म्हणून ते आपलेही आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याच्या हाताखाली माल तयार होतो, त्याला खोट दिसताच काम थांबविण्याचा हक्क असेल, आणि थांबविल्याबद्दल त्याच्या भाकरीला धक्का लागणार नसेल, तरच कारखान्यातील नासाडी खऱ्या अर्थाने कमी होते. हा हक्क नसेल तर नासाडी नाहीशी होत नाही. ती मालकाच्या वहीतून निघते आणि कामगाराच्या घरात जाऊन बसते.

हे मी पुस्तकातूनच म्हणत आहे असे नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे ते सारे गावच मागांच्या खडखडाटावर जगू लागले. माझे मामा तेथे साध्या यंत्रमागावर काम करतात. साध्या मागावरील कामगाराची मजुरी पिकावर असते. पीक म्हणजे बाण्याचा एक धागा. एका इंचात असे किती धागे बसले यावर कापडाची जात ठरते, आणि ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावर मजुरीचे करार आणि भांडणे होतात. म्हणजे माग चालला तर मजुरी. थांबला तर काही नाही.

आता या मागाचा स्वभाव पाहा. बाणा तुटला किंवा कांडी संपली तर साधा मागही आपोआप थांबतो. परंतु ताण्याची एखादी तार तुटली तर तो थांबत नाही. तो तसाच विणत राहतो आणि कापडात वरपासून खालपर्यंत एक फट पडत जाते. ती तार कामगाराच्या नजरेला पडली पाहिजे. त्याच्याकडे तर चार, सहा, कधी आठ माग असतात. तार दिसली की माग थांबवून जोडावी, तर पीक बुडते. तसाच चालवावा, तर कापड तपासणीत खोट निघते आणि 'डॅमेज' म्हणून पगारातून पैसे कापले जातात. इकडे आड तिकडे विहीर, ही म्हण जणू मागवाल्यासाठीच झाली असावी.

एकदा मामांच्या मागावर असा बीम चढला की त्याचे सायझिंग नीट झालेले नव्हते. पहिल्या तासातच तारा पटापट तुटू लागल्या. अनुभवी हाताला कारण लगेच कळले. त्यांनी दिवाणजींना सांगितले, "हा बीम चालायचा नाही, उतरवून घ्या." उत्तर मिळाले, "पार्टीला माल द्यायचाय. चालवा तसाच." बीम चालला. त्या आठवड्यात कापडही खराब गेले आणि मामांच्या पगारातून पैसेही कापले गेले. कोणत्या खात्यात हे घडले ते सांगण्याचे कारण नाही. ज्यांनी त्या गावात दोन वर्षे काढली आहेत, त्यांना ही गोष्ट नवीन वाटणार नाही.

या एका बीमचा हिशेब मांडून पाहावा. सूत वाया गेले, वीज वाया गेली, व्यापाऱ्याने कापडाला कमी भाव दिला, कामगाराची मजुरी बुडाली. या चार गोष्टी कोणत्या तरी वहीत सापडतील. पाचवी मात्र कोठेच लिहिलेली नाही. बीम खराब आहे हे पहिल्या तासातच एका माणसाला ठाऊक होते, आणि त्याचे ते जाणणे फुकट गेले. मला वाटते, त्या आठवड्यातील सर्वांत मोठी नासाडी तीच होती, कारण बाकीच्या चारही तिच्यातूनच निघाल्या. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' असे आपण म्हणतो. येथे तर दळणारा डोळस होता. पण जाते थांबविण्याची त्याला परवानगी नव्हती.

कामगाराचे जाणणे हिशेबाबाहेर ठेवण्याची ही रीत आली कोठून? 'शास्त्रशुद्ध व्यवस्थापना'चा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनियरकडे येथे वळावे लागते. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने बेथलेहेम पोलाद कारखान्यातील हकीकत दिली आहे. तेथे एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड गाडीत चढवीत असे. टेलरने हाती घड्याळ घेऊन त्याची प्रत्येक हालचाल मोजली. केव्हा उचलायचे, केव्हा चालायचे, केव्हा बसायचे, सारे ठरवून दिले, आणि तोच मजूर साडेसत्तेचाळीस टन चढवू लागला. त्याची मजुरी दिवसाला १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली. म्हणजे काम जवळजवळ पावणेचार पट झाले आणि मजुरी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. या हकीकतीच्या तपशिलाविषयी पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. पण आकडे बाजूला ठेवले तरी टेलरचा विचार त्यातून स्पष्ट दिसतो: विचार करण्याचे काम कचेरीचे, आणि सांगितले तसे करण्याचे काम हातांचे.

टेलरला सरसकट दोष देणे मला योग्य वाटत नाही. निरर्थक हालचाली माणसाला थकवितात, अवजार कामाला साजेसे असावे, विश्रांतीही मोजून द्यावी, हे त्याने दाखवून दिले, आणि ते उपयोगाचेच होते. परंतु त्याच्या पद्धतीत मजुराच्या डोक्याला जागा नव्हती. जगभरच्या मालकांनी तर त्याच्या शास्त्रातले घड्याळ तेवढे उचलले. विश्रांती आणि वाढीव मजुरी हा भाग बहुतेक ठिकाणी वाटेतच गळाला.

हे घड्याळ मुंबईच्या गिरणगावात आले तेव्हा काय झाले, हे आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आहे. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षांतच जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्यांना बाजारात मागे रेटावयास सुरुवात केली होती. १९२७ साली टॅरिफ बोर्डाने आपल्या अहवालात कामगारांची कार्यक्षमता वाढविण्याची शिफारस केली. सासून गटाच्या गिरण्यांत त्याप्रमाणे योजना सुरू झाली. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, कताईवाल्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात. कागदावर हिशेब सोपा होता: माणसे कमी, माल तेवढाच, खर्च कमी.

कामगारांनी विचारले, तीन साचे चालवू. पण सूत कसले देणार? हलक्या कापसाचे सूत वारंवार तुटते. दोन साच्यांवर तार जोडताना जेथे जीव मेटाकुटीस येतो, तेथे तिसरा सांभाळायचा कसा? आणि ज्यांची जागा जाईल त्यांनी कोठे जायचे? या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही. एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. ना. म. जोशी संयुक्त संप समितीत होते. श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची गिरणी कामगार युनियन याच संपात जन्मास आली. पुढे नेमलेल्या फॉसेट समितीने मार्च १९२९ मध्ये अहवाल दिला आणि कार्यक्षमता योजनेचे तत्त्व मान्य केले.

या संपाकडे 'सुधारणेला आडवे गेलेले कामगार' अशा दृष्टीने पाहण्याची एक पद्धत आहे. मला तसे दिसत नाही. कामगारांचा सूत तुटण्याविषयीचा आक्षेप हा कार्यक्षमतेचाच आक्षेप होता. नासाडीचे मूळ कापसात आणि सुतात होते, आणि उपाय मात्र विणकराच्या पायांवर केला जात होता. रोग एकीकडे आणि कात्री दुसरीकडे!

त्याच संपात आणखी एक प्रश्न पुढे आला, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. त्या काळच्या साच्यात नवी कांडी भरली की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. त्यामुळे विटाळ होतो, या कारणाने सवर्ण कामगार अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात येऊ देत नसत, आणि विणाई खात्यात मजुरी इतर अनेक खात्यांहून चांगली असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायाला वाचा फोडली आणि ही मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला. तिसऱ्या साच्यासाठी हाती घड्याळ घेऊन बसलेल्या तज्ज्ञांपैकी किती जणांनी या नासाडीचा हिशेब केला असेल? हजारो माणसांचे हात आणि डोकी केवळ जन्मामुळे एका खात्याबाहेर ठेवायची, यापेक्षा मोठा अपव्यय कोणता? पण तो मालकाच्या वहीत दिसत नव्हता, आणि दुर्दैवाने अनेक कामगारांच्या डोळ्यांतही खुपत नव्हता.

याच सुमारास, ज्या जपानच्या कापडाने मुंबई घाबरली होती, त्या जपानात मागाचाच दुसऱ्या दिशेने विचार झाला होता. साकिची टोयोदा हा एका सुताराचा मुलगा. घरी आई मागावर विणीत असे. तिचे श्रम पाहत तो वाढला आणि आयुष्यभर माग सुधारीत राहिला. १९२४ साली त्याने जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्यात दोन गोष्टी होत्या. धोटा बदलण्यासाठी माग थांबवावा लागत नसे. आणि ताण्याची तार तुटली किंवा बाणा संपला तर माग आपोआप थांबत असे. यामुळे एक कामगार दोन-तीन नव्हे, डझनावारी माग सांभाळू लागला. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रे बनविणाऱ्या प्रसिद्ध कंपनीने या मागाचे हक्क घेतले.

येथे क्षणभर थांबून तुलना करावी. मुंबईत साचा तोच ठेवून माणसावर तिसऱ्या साच्याचे ओझे टाकले गेले. टोयोदाने सतत पाहत राहण्याचे ओझे माणसाच्या डोळ्यांवरून काढून मागावर टाकले. दोन्हींना नाव एकच, 'कार्यक्षमता'. पण एकीत माणूस यंत्राची उणीव भरून काढतो, आणि दुसरीत यंत्र माणसाला मोकळे करते. जपानी गिरण्या म्हणजे स्वर्ग होता असा याचा अर्थ नव्हे. १९२९ पर्यंत तेथे बायकांना आणि मुलींना रात्रपाळीत राबविले जात होते, आणि जपानी कापड स्वस्त असण्याचे तेही एक कारण होते. चांगली कल्पना आणि वाईट वागणूक एकाच छपराखाली नांदू शकतात, हे विसरू नये.

टोयोदा घराण्याच्या सूत-कापड गिरणीत १९३२ साली ताईइची ओनो नावाचा तरुण नोकरीस लागला. १९४३ मध्ये तो त्याच घराण्याच्या मोटार कंपनीत गेला. युद्धानंतर कंपनीकडे पैसा नव्हता, मोठी गोदामे भरून ठेवण्याची ऐपत नव्हती. ओनोने मागाची शिकवण मोटारींना लावली. त्याने नासाडीचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त माल बनविणे, वाट पाहत बसणे, मालाची विनाकारण ने-आण, नको असलेली प्रक्रिया, साठा, निरर्थक हालचाल आणि सदोष माल. यांतला पहिला प्रकार त्याला सर्वांत घातक वाटे, कारण जास्तीचा माल बाकीच्या सर्व चुका झाकून टाकतो. गोदाम भरलेले असले की कोणता भाग खराब होतो आहे, कोणते यंत्र रेंगाळते आहे, हे कोणालाच दिसत नाही. पावसाळ्यात ओढ्यातले खडक दिसत नाहीत. पाणी उतरले की दिसतात, तसेच हे आहे.

परंतु मला या यादीपेक्षा तिच्या मुळाशी असलेला हक्क महत्त्वाचा वाटतो. मोटारी जोडण्याच्या रांगेवर कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. खोट दिसली की कोणत्याही कामगाराने ती ओढावी. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि वेळेत दुरुस्ती झाली नाही तर रांग थांबते. मग 'हे कोणी केले?' असे विचारावयाचे नाही. 'हे का झाले?' असे विचारावयाचे, आणि तेही एकदा नव्हे, पाच वेळा. ओनोने स्वतः दिलेले उदाहरण असे. यंत्र का थांबले? फ्यूज उडाला. का उडाला? बेअरिंगला तेल पुरेसे नव्हते, म्हणून भार वाढला. तेल का नव्हते? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत गेला. पहिल्याच उत्तरावर थांबले असते तर फ्यूज बदलला असता आणि चार दिवसांनी तो पुन्हा उडाला असता. मामांच्या बीमला हे पाच प्रश्न विचारले असते, तर उत्तर सायझिंगच्या कारखान्यात निघाले असते. पगारातून कापलेल्या पैशांत नक्कीच निघाले नसते.

आपोआप थांबणाऱ्या यंत्राच्या या तत्त्वाला तेथे 'जिदोका' म्हणतात. 'स्वयंचलन' याच अर्थाचा हा शब्द. पण तो लिहिताना नेहमीच्या चिन्हाला 'माणूस' दर्शविणारे अंग जोडतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा भाषेतला बदल लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता आक्षेप घेतले पाहिजेत. पहिला असा की, हे जपान्यांनाच जमते. त्यांचा स्वभाव आणि शिस्त वेगळी. याचे उत्तर अमेरिकेत मिळाले. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि खराब गाड्या यांसाठी बदनाम होता. तो १९८२ मध्ये बंद झाला. १९८४ च्या अखेरीस त्याच जागी जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून नवा कारखाना सुरू केला. कामगार बहुतेक जुनेच घेतले, संघटनाही तीच. दोरी ओढण्याचा हक्क त्यांना मिळाला. गैरहजेरी झपाट्याने खाली आली आणि गाड्यांचा दर्जा जपानच्या तोडीला पोहोचला. १९८८ च्या सुमारास गाड्यांचा खप घटला तेव्हा कोणालाही काढून न टाकता रिकाम्या वेळात कामगारांना प्रशिक्षण दिले गेले. पुढे २०१० मध्ये हा कारखाना बंद झाला, ही गोष्ट वेगळी. स्वभाव माणसांचा नव्हता, व्यवस्थेचा होता, एवढे मात्र सिद्ध झाले.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. नासाडी कमी करता करता माणसाचा श्वासही 'निरर्थक हालचाल' ठरू शकतो. सातोशी कामाता या जपानी पत्रकाराने १९७२ साली टोयोटात हंगामी कामगार म्हणून काही महिने काम केले आणि रांगेच्या वेगाने माणूस कसा पिळून निघतो, याचे वर्णन पुढे पुस्तकरूपाने केले. १९५० मध्ये याच कंपनीत पैशाच्या अडचणीमुळे दीड हजारांहून अधिक कामगारांना जावे लागले, मोठा संप झाला आणि अध्यक्ष किइचिरो टोयोदा यांना पायउतार व्हावे लागले. राहिलेल्यांच्या नोकरीची शाश्वती या संघर्षाच्या अनुभवातून आली; ती मालकांच्या उदारतेची देणगी नव्हती. म्हणून दोरीच्या हक्काबरोबर भाकरीची हमी हवीच. उद्या आपलेच काम जाणार असेल, तर नासाडी कमी करण्याची युक्ती कोणता शहाणा माणूस सांगेल?

आपल्या देशाला हे कळले नव्हते असे नाही. १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार यांनी मिळून नव्या यंत्र-योजनांसाठी तत्त्वे ठरविली होती. कामावर असलेल्यांची कपात होऊ नये आणि कमाई घटू नये. होणारा फायदा मालक, कामगार आणि समाज यांच्यात न्याय्य रीतीने वाटला जावा. कामाचा बोजा नीट मोजावा आणि कामाची परिस्थिती सुधारावी. उत्पादकता परिषद स्थापन झाली ती त्याच्या पुढच्याच वर्षी. फलक लावताना आपण दुसरी घटना लक्षात ठेवली आणि पहिली विसरलो.

ही विस्मृती कोठवर जाते, हे पाहावयाचे असेल तर साखर कारखान्याकडे पाहावे. काटकसरीच्या दृष्टीने हा उद्योग नमुनेदार आहे. शंभर टन उसातून साधारण दहा-अकरा टन साखर निघते. अठ्ठावीस-तीस टन बगॅस उरते. ते बॉयलरमध्ये जळते, त्यावर वाफ आणि वीज तयार होते. चार टनांच्या आसपास मळी निघते. तिच्यापासून मद्यार्क होतो. तीन-चार टन प्रेसमड खत म्हणून शेतात जाते. उसाचा जवळजवळ कोणताही भाग टाकाऊ राहत नाही. आणि तो ऊस तोडणारी माणसे? नवरा-बायको मिळून एक 'कोयता', अशी त्यांची मोजणी. उचल आधीच घेतलेली; एक दिवस खाडा झाला तर दंड. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा आणि दंड टळावा म्हणून बायका या थराला जातात, असे तेव्हा पुढे आले. उसाचे चिपाडही जेथे वाया जात नाही, तेथे बाईचे शरीर वाया जाते. त्या साखळीतील प्रत्येक वही तपासून पाहा. या नासाडीला कोठेही रकाना सापडणार नाही.

यावर काही मित्र म्हणतात, मग ही कार्यक्षमताच नको. जुने आहे ते बरे. मी त्यांच्याशी सहमत नाही. खराब सूत, वारंवार तुटणारी तार, गोदामात पडलेले कापड, या सगळ्याची किंमत शेवटी कामगारच मोजतो. धंदा बुडाला की मालकाला जमीन तरी विकता येते; मुंबईच्या गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले, हे आपण पाहतोच. कामगाराजवळ विकण्यासारखे त्याचे दिवस तेवढे असतात. म्हणून नासाडीविरुद्धची लढाई कामगाराचीच आहे. फक्त तिचे घड्याळ त्याच्या हातात हवे.

दात कोरून पोट भरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही यंत्रमागापुरत्या तीन गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत, असे मला वाटते. एक: खोट दुरुस्त करण्यासाठी थांबविलेल्या मागाच्या वेळेची मजुरी द्यावी, म्हणजे थांबणे हा गुन्हा राहणार नाही. दोन: 'डॅमेज'चे पैसे कापण्यापूर्वी जॉबर, दिवाणजी आणि कामगार यांनी एकत्र बसून कारण शोधावे, दोष सुताचा, सायझिंगचा की हाताचा, ते लिहून ठेवावे आणि ज्याचा दोष त्याने भरावे. तीन: वाचलेल्या पैशाचा ठरलेला वाटा मजुरीत दिसावा. यांतल्या एकाही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही.

आपल्यासाठीही एक काम आहे. आपल्या अर्थशास्त्र विभागात दरवर्षी प्रकल्प लिहिले जातात आणि त्यांतले बरेचसे ग्रंथालयातील पुस्तकांवरून उतरविलेले असतात. आमच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, येत्या वर्षी पाच-सहा विद्यार्थ्यांना एखाद्या यंत्रमाग खात्यात महिनाभर बसू द्यावे. माग किती वेळा थांबला, कशामुळे थांबला, खोट प्रथम कोणाला दिसली, त्याने कोणाला सांगितले आणि पुढे काय झाले, एवढेच त्यांनी लिहून आणावे. माझी खात्री आहे की, बहुतेक ओळींत पहिले उत्तर एकच येईल: मागवाल्याला आधीच माहीत होते. ते एकदा कागदावर आले, म्हणजे 'कोणी विचारलेच नाही' असे म्हणण्याची सोय तरी कोणाला उरणार नाही.